कंडक्टरची रजा

हे सांगितलं नाही तर माझं पोट फुटेल. गेल्या रविवारी माझ्या वहिनीनं आठ वर्षांत पहिल्यांदा अख्खा दिवस सुट्टी घेतली. औषधाच्या दुकानापर्यंत पळत जाऊन पळत परत येण्याची सुट्टी नव्हे. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी पाच. आणि त्या सुट्टीत ती झोपली नाही की कुणाकडे भेटायला गेली नाही. ती चाळिशीवरच्या बायकांच्या टेबल टेनिस स्पर्धेत उतरली! मी अजून जमिनीवर आलेले नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. वय सत्तेचाळीस, उंची बेताची, बोलणं कमी आणि हसणं त्याहून कमी, पण एकदा हसायला लागली की आवरता आवरत नाही. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये टेबल टेनिसची बॅट होती. कॉलेजात तिला सगळे ‘डावरी’ म्हणायचे, आणि आज समोर डावरी आहे म्हटल्यावर पोरी खेळायच्या आधीच अर्ध्या हरायच्या. त्या बॅटचा आमच्या घरात पुढे काय उपयोग झाला, माहीत आहे? बाबांच्या गोळ्या ठेवायला. बशीत गोळ्या घरंगळतात, बॅटच्या रबरावर जागच्या हलत नाहीत. ‘काय डोकं चालवलंस गं’ म्हणून मी तिचं कौतुकसुद्धा केलं होतं. आता ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

बाबा म्हणजे माझे वडील. त्यांनी एकतीस वर्षं बस चालवली आणि कधी कुणाला ओरखडाही येऊ दिला नाही. आठ वर्षांपूर्वी ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग रस्ते, मग माणसं. मी त्यांच्या पोटची पोर, पण गेली तीन वर्षं ते मला ‘अहो बाई’ म्हणतात. बस मात्र ते विसरले नाहीत. रोज सकाळी खिडकीजवळच्या हाताच्या खुर्चीत बसतात आणि गाडी सुरू करतात. स्टिअरिंग हवेतलं, पण वळण आलं की कोपर बरोबर तेवढंच वाकतं.

दादाचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. कुठल्याही इमारतीत माणूस अडकला की फोन येतो आणि तो हातातला घास टाकून धावतो. भला माणूस आहे, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शहरभर अडकलेली माणसं सोडवत फिरणाऱ्या माझ्या भावाला स्वतःच्या घरात आठ वर्षं अडकलेली बायको दिसली नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, “तिला सवय आहे.”

दादाला नावं ठेवते आहे, पण मी काय दिवे लावले? मी राहते तीन गल्ल्या सोडून, आणि माझं योगदान म्हणजे फोनवरून सल्ले. बाबांना उन्हात बसवत जा. बाबांना कोडी सोडवायला दे. वहिनी प्रत्येक वेळी म्हणायची, “हो, बघते.” मी समाधानानं फोन ठेवायचे आणि बाबांसाठी काहीतरी केलं असं मला खरोखर वाटायचं.

मग एक दिवस असंच ज्ञान पाजळून झाल्यावर ती म्हणाली, “तुमच्या डॉक्टरांना विचाराल का? दात दुखतोय. लवंग धरून आता भागत नाही.”

“कधीपासून?”

“झाले असतील तीन महिने.”

मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे, हे सांगायचं राहिलंच. अर्ध्या गावाच्या अपॉइंटमेंट माझ्या वहीत असतात. कुणाची दाढ, कुणाची कवळी, मला तोंडपाठ. आणि माझी वहिनी तीन महिने गालात लवंग धरून बसली होती, कारण बाबांना सोडून तासभर बाहेर पडायची सोय नव्हती. तिनं तक्रारही केली नव्हती, म्हणून मला जास्त लागलं. फोन ठेवला आणि मी तिथेच, पेशंटसमोर, रडले. पेशंटला वाटलं आतून काहीतरी वाईट बातमी आली. तो बिचारा उठून निघूनच गेला.

आमच्याच दवाखान्याच्या फळ्यावर एक पत्रक कित्येक दिवस लटकत होतं: ‘घरातल्या वृद्धांची सेवा करता? एक दिवस आम्ही सांभाळतो, तुम्ही सुट्टी घ्या.’ मीच ते टाचणीनं लावलं होतं आणि एकदाही वाचलं नव्हतं. त्या दुपारी वाचलं, फोन केला, आणि त्यांनी ब्रदरना पाठवलं. इस्पितळात पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात. हे निवृत्त झालेले, टक्कल पडलेले, आवाज इतका मऊ की आपणच झोपावं. पहिल्या वेळी दोन तास आले, तेवढ्यात वहिनीचा दात निघाला.

दात काढून आम्ही दोघी घरी निघालो. वहिनीच्या तोंडात कापूस. क्रीडा संकुलावरून जाताना ती एकदम थांबली. आतून टक-टक, टक-टक असा आवाज येत होता. ती खिडकीशी गेली, चवड्यांवर उभी राहिली आणि बघतच राहिली. दारावर स्पर्धेचा कागद होता, चाळिशीवरच्या महिलांसाठी, तीन आठवड्यांनी रविवारी. मी तिच्याकडे बघितलं. कापूस सांभाळत ती काहीतरी बोलली.

“काय?”

तिनं कापूस काढला. “म्हटलं, त्या पोरीचा बॅकहँड फार कच्चा आहे.”

मी आत जाऊन तिचं नाव देऊन आले. बाहेर आल्यावर ती माझ्यावर चिडली. पण दुसऱ्या दिवशी मी गेले तर गोळ्या बशीत होत्या. बॅटला तिनं नवं रबर लावून आणलं होतं.

आणि मग सुरू झाली ती वही. ब्रदरना दिवसभर बाबांना सांभाळायचं तर सगळं लिहून द्यायला हवं, असं वहिनीनं ठरवलं. सदतीस पानं! पाणी किती कोमट, नखं कुठल्या बोटापासून कापायची, चमचा डावीकडून नेला तर बाबा तोंड फिरवतात, दाढी करताना काय बोलायचं, आरशावर टॉवेल का टाकायचा. त्यांतलं एक वाक्य तिनं तीनदा अधोरेखित केलं होतं: मधुमेहाची गोळी सकाळी पोटात गेली की दुपारी एकच्या आत जेवण पोटात जायलाच हवं, नाहीतर साखर एकदम उतरते. दादानं वही शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग म्हणाला, “हे सगळं तू रोज करतेस?” आठ वर्षांनी विचारलं, पण विचारलं एकदाचं.

रविवार उजाडला. ब्रदर नऊलाच हजर. दादाला नेमका दहाव्या मजल्यावरून फोन आला आणि तो गेला. वहिनी दारातून तीनदा परत फिरली. चौथ्यांदा मी तिला हाताला धरून स्कूटरवर बसवलं.

संकुलात पोचलो आणि काय सांगू! ढोपराला पट्टे बांधलेल्या, केस रंगवलेल्या, नातवंडांना मांडीवर घेऊन बसलेल्या बायका, आणि एकेकीची बॅट बघाल तर तलवारीसारखी परजलेली. वहिनी पुन्हापुन्हा बॅटची मूठ पुसत होती. पहिला गेम तिनं चार-अकरा असा घालवला. मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या गेमच्या मध्यावर तिनं एक बॅकहँड असा मारला की समोरच्या बाईनं चेंडू गेल्यावर बॅट फिरवली. मागून कोणीतरी ओरडलं, “अगं, ही तर डावरी!” तिच्या वेळची एक खेळाडू पंच म्हणून बसली होती. झालं! वहिनीचे खांदे सैल झाले, मान वर झाली. तिनं तो सामना घेतला, त्याच्या पुढचाही घेतला. मी इतकी किंचाळले की पंचबाईंनी मला दोनदा दटावलं.

सव्वाबारा वाजले. उपांत्य सामन्याला अर्धा तास होता. वहिनी बाकावर केळं सोलत होती, घामानं डबडबलेली, गाल लाल. गेल्या आठ वर्षांत मी तिला इतकी सुंदर पाहिली नव्हती. आणि केळं अर्धं सोललेलं तसंच हातात धरून ती पांढरीफटक पडली.

“घंटा,” ती म्हणाली.

“कसली घंटा?”

“वहीत घंटा लिहिलीच नाही मी!”

बाबांच्या खुर्चीच्या पाठीला तिनं सायकलची घंटा बसवली होती. बाबा एकदा गाडीत बसले की घंटा वाजल्याशिवाय उठत नाहीत. डबल वाजली की गाडी निघते, म्हणजे ते उठतात, वहिनी त्यांचा हात धरते आणि दोघं बसनं जेवणाच्या टेबलापर्यंत जातात. सिंगल वाजली की थांबा. संडास म्हणजे डेपो. वहिनी त्यांची कंडक्टर. सदतीस पानांत नखांपर्यंत सगळं आलं, आणि हेच राहिलं. मी विचारलं, “एवढी मोठी गोष्ट विसरलीस कशी?”

“ते काम थोडंच आहे,” ती म्हणाली. “ते तर आमचं रोजचं खेळणं. काम लिहायचं होतं, तेवढं लिहिलं.”

मी ब्रदरना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. घड्याळात बारा वीस. एक वाजेपर्यंत जेवण पोटात गेलं नाही तर काय होतं, ते तीनदा अधोरेखित केलेलं मी वाचलं होतं. वहिनीनं बॅट पिशवीत टाकली. तिच्या चेहऱ्यावरचं ते लाल सगळं उतरलं आणि तिथे तो रोजचा, शहाणा, समजूतदार चेहरा येऊन बसला. माझा जीव कळवळला आणि तितकाच संतापही आला.

“खबरदार हललीस तर!” मी म्हणाले. “तू खेळ. घंटा मी वाजवते. दोनदाच ना? त्यात काय मोठं!”

“तुम्हाला जमेल?”

“मुलगी आहे मी त्यांची!”

स्कूटरनं बारा मिनिटांचा रस्ता मी आठात कापला. दार उघडून आत शिरले तर बाबा खुर्चीत ताठ, दोन्ही हात हवेतल्या स्टिअरिंगवर. शेजारच्या स्टुलावर ब्रदर गुडघे जुळवून, प्रवाशासारखे बसलेले. टेबलावर जेवण झाकून ठेवलेलं.

“पाऊण तास उठवतोय,” ब्रदर हळूच म्हणाले. “उठत नाहीत. घास इथेच आणला तर म्हणतात, गाडीत खायला बंदी आहे.”

“अहो, फोन का उचलला नाहीत?”

“गाडी चालू असताना फोन नको म्हणाले. स्वयंपाकघरात ठेवायला लावला.”

मी खुर्चीमागे गेले. घंटा दोनदा वाजवली. ट्रिंग ट्रिंग.

बाबा हलले नाहीत. मी पुन्हा वाजवली. त्यांनी मान वळवली, मला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाले, “कोण हो तुम्ही? कुणीही येऊन घंटा वाजवली की गाडी हलवायची का? माझा कंडक्टर कुठंय?”

मोठ्या तोऱ्यात ‘मुलगी आहे मी त्यांची’ म्हणून आले होते. घड्याळात बारा पस्तीस. बाबांच्या कपाळावर घाम दिसायला लागला होता, की मलाच तसा भास होत होता, कोण जाणे. ब्रदरनी खिशातून साखरेची पुडी काढून हाताशी ठेवली. माझा हात फोनवर गेला. वहिनीला एक फोन केला असता तर ती बॅट टाकून वीस मिनिटांत इथे आली असती, बाबा उठले असते, आणि ती बॅट पुन्हा गोळ्यांखाली गेली असती. कायमची.

तेवढ्यात ब्रदर त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाले, “ड्रायव्हरसाहेब, कंडक्टर आज रजेवर आहेत.”

बाबांचे हात स्टिअरिंगवरून खाली आले.

“रजा? मंजूर झालेली?”

“मंजूर झालेली,” मी घाईनं म्हणाले.

“मग आधी सांगायचं नाही का!” बाबा म्हणाले. “किती दिवसांनी घेतली?”

मला खोटं सुचलं नाही. “आठ वर्षांनी.”

बाबा खुर्चीत पुढे सरकले. एवढ्या वर्षांत मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. भरल्या स्टँडवर शेवटच्या माणसाला ऐकू जाणारा आवाज. “आठ वर्षं? आठ वर्षं एकाच माणसाला बदली न देता राबवलं? सुट्टी नाही, पाळीबदल नाही? अहो, इंजिनसुद्धा तापलं तर आपण पाणी घालतो! कोण आहे तुमचा डेपो मॅनेजर? बोलवा त्याला! कोण आहे?”

मी मान खाली घातली. “आम्हीच आहोत,” मी म्हणाले. “मी आणि दादा.”

“लाज वाटायला पाहिजे.”

“वाटते,” मी म्हणाले, आणि खरंच वाटत होती.

त्यांनी कॉलर सारखी केली. मग एकदम कामाच्या आवाजात म्हणाले, “बरं. तुम्ही बदली कंडक्टर का? बिल्ला दाखवा.”

बिल्ला! मी पर्स उलटी केली. कंगवा, किल्ल्या, पावत्या, आणि त्यात दवाखान्याचं ओळखपत्र, माझ्या फोटोचं, वर मोठा दात छापलेलं. ते मी ड्रेसला लावून त्यांच्यासमोर ताठ उभी राहिले. बाबांनी ते नीट बघितलं, दातावर बोट फिरवलं.

“नवीन डेपो दिसतोय,” ते म्हणाले. “ठीक आहे. द्या डबल.”

ट्रिंग ट्रिंग! आणि माझे बाबा उठले. मी त्यांचा हात धरला. आठ पावलांचा प्रवास, पण मधल्या वळणावर त्यांनी माझा हात घट्ट धरून मला सावरलं, कारण कंडक्टर उभा असतो आणि वळणावर तोल जातो. बारा पन्नासला पहिला घास पोटात गेला. ब्रदरनी साखरेची पुडी खिशात ठेवली आणि माझा जीव भांड्यात पडला. माझ्या वडिलांनी मला ओळखलं नाही, याचं दुःख आहे, नाही कसं म्हणू? पण तीन वर्षांनी त्या घरात मला निदान नोकरी तरी लागली.

वहिनी उपांत्य जिंकून अंतिम सामन्यात पोचली, पण मी दोन्ही पाहिले नाहीत. तीन वाजता वहिनीचा फोन आला, इतकी ओरडत होती की कानापासून लांब धरावा लागला.

“हरले! हरले हो मी! पाचव्या गेममध्ये, अकरा-तेरा! काय खेळलो आम्ही! ती बाई सहा फूट उंच आहे, आणि मी तिला रडवलं! बाबा जेवले?”

“जेवले, डेपोत जाऊन आले, आता झोपलेत. तू मैत्रिणींबरोबर चहा पी आणि पाचला ये. त्याआधी आलीस तर दार उघडणार नाही.”

ती पावणेपाचला आली. पंधरा मिनिटं मी तिला माफ केली. हातात वीतभर उंचीचा चषक, केस विस्कटलेले, आणि अंगातून ऊन निघावं तशी ती आनंदानं तापलेली. बाबा उठून पुन्हा गाडीत बसले होते. संध्याकाळच्या चहासाठी त्यांना टेबलावर न्यायची वेळ झाली होती. वहिनीनं चषक खाली ठेवला, चपला काढायच्या आधीच खुर्चीमागे गेली आणि सवयीनं घंटेला हात घातला.

“हात काढा,” बाबा म्हणाले.

वहिनी दचकली. तिला वाटलं, एका दिवसात बाबा तिलाही विसरले. तिच्या डोळ्यांत ते मला स्पष्ट दिसलं. आठ वर्षं सगळं केलं आणि एक दिवस बाहेर गेले त्याची ही शिक्षा, असं.

“बाबा, मी,” ती म्हणाली. “तुमची कंडक्टर.”

“ओळखतो की!” बाबा म्हणाले. “म्हणूनच सांगतोय. आज तुमची रजा आहे. रजेच्या दिवशी घंटेला हात लावायचा नाही. दमलेल्या कंडक्टरवर मी गाडी नेत नाही. आज बदली आहे.” आणि त्यांनी माझ्या छातीवरच्या दाताकडे बोट दाखवलं.

वहिनीनं माझ्याकडे बघितलं, त्या दाताकडे बघितलं, आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि मग दोन्ही एकदम. ब्रदर टोपी घालत होते, तेही डोळे पुसत होते. दादा दारात कधी येऊन उभा राहिला होता कळलं नाही. तो आत आला, बाबांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “ड्रायव्हरसाहेब, मीही बदलीत नाव देतो. शनिवार माझा.”

“बिल्ला?” बाबा म्हणाले. दादानं कंपनीचं कार्ड काढून दाखवलं.

वहिनी डोळे पुसत ब्रदरच्या रिकाम्या स्टुलावर बसली, पाय पुढे पसरून. बाबांनी आरशात बघावं तसं वर बघून विचारलं, “तुम्हाला कुठे जायचंय, बाई?”

“कुठेच नाही,” वहिनी म्हणाली. “मला नुसतं बसायचंय.”

“बसा की,” बाबा म्हणाले. “खिडकीजवळ सरका, वारा येतो.” मग माझ्याकडे मान वळवून म्हणाले, “द्या डबल.”